भर उन्हातले हेडलाईट : एक आढावा

२०१७ च्या उन्हाळ्यात हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापुरातून नवी मोटारसायकल घेऊन निघालेल्या माणसाला एक अनुभव हमखास यायचा. समोरून येणारा हात वर करायचा, पाची बोटं मिटायचा, उघडायचा, पुन्हा मिटायचा. ‘लाईट चालू राहिलाय’ असं सांगायची ती खूण. बाळापूरपासून वारंगा फाट्यापर्यंत जाईस्तोवर अशा कितीतरी खुणा झेलाव्या लागत. गाडीवाला अंगठ्याने बटण चाचपून पाहायचा. बटण नसायचंच. मग गाडी कडेला घेऊन तो शोरूमला फोन लावायचा.

त्या खुणेत आपुलकी होती. अनोळखी माणसाची बॅटरी उतरू नये, त्याचा खोळंबा होऊ नये, एवढ्यासाठी लोक हँडलवरचा हात काढत. आज ती खूण जवळपास नाहीशी झाली आहे, कारण दुचाकीचा दिवा दिवसा जळतो हे लहान पोरालाही ठाऊक झालं आहे. प्रश्न मात्र मिटला नाही. तो चारचाकीत शिरला. ‘ऑटो’ची, म्हणजे उजेड पाहून दिवे आपोआप लागण्या-विझण्याची, सोय असलेल्या गाड्या आता कळमनुरी तालुक्यातही भरपूर आहेत, आणि गॅरेजात येणारी तक्रार अशी असते : “दिवसाढवळ्या लाईट बंदच होत नाही, काय करावं?” या एका तक्रारीमागे निदान तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. ते वेगळे न केल्यामुळे लोकांचे पैसेही जातात आणि चर्चाही भलतीकडे जाते. म्हणून हा आढावा.

एक दृश्य, तीन कारणं

भर दुपारी गाडीचा पुढचा दिवा जळताना दिसला तर पहिली शक्यता अशी की तो कायद्यानेच जळतो आहे. १ एप्रिल २०१७ पासून भारतात तयार होणाऱ्या दुचाकींना इंजिन सुरू होताच हेडलाईट आपोआप लागण्याची रचना बंधनकारक झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एएचओ’ म्हणतात.

दुसरी शक्यता म्हणजे तो हेडलाईट नसून ‘डीआरएल’, म्हणजे दिवसा जळण्यासाठीच बसवलेला वेगळा दिवा आहे. चारचाकीच्या तोंडावर भुवईसारखी दिसणारी पांढरी एलईडी पट्टी तीच. रस्ता उजळणं हे तिचं काम नाही. गाडी येते आहे हे दुसऱ्याला कळावं, एवढंच तिचं काम.

तिसरी शक्यता खऱ्या बिघाडाची : गाडीत उजेड मोजणारा सेन्सर आहे, बटण ‘ऑटो’वर आहे, बाहेर लख्ख ऊन आहे, तरी हेडलाईट विझत नाही.

ओळखायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे गाडीच्या मागे जाऊन उभं राहणं. मागचे लाल दिवे जळत असतील, डॅशबोर्डवर हिरवी खूण असेल आणि मीटरचा उजेड रात्रीसारखा मंद झाला असेल, तर हेडलाईट लागलेला आहे. मागे अंधार असेल तर बहुधा नुसती डीआरएल आहे आणि गाडीला काहीही झालेलं नाही. एवढं पाहिलं तरी गॅरेजच्या काही चकरा वाचतात.

ही कल्पना आली कुठून

उजेड पाहून दिवा चालवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५२ मध्ये ‘ऑट्रॉनिक आय’ हे उपकरण आणलं. समोरून गाडी आली की ते अप्परचा डिप्पर करायचं. १९६४ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत ‘ट्वायलाइट सेंटिनल’ आलं. अंधार पडला की दिवे लावायचे आणि गाडी बंद केल्यावरही थोडा वेळ जळते ठेवायचे, हे त्याचं काम. आजच्या गाडीतली ‘ऑटो’ची सोय ही त्याचीच नात.

दिवसा मुद्दाम दिवा लावण्याची कहाणी वेगळी, आणि ती थंड देशांत सुरू होते. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यात, गावाबाहेरच्या रस्त्यांवर दिवे लावणं सक्तीचं केलं. स्वीडनने १ ऑक्टोबर १९७७ पासून वर्षभरासाठी तसा नियम केला. पुढे नॉर्वे आणि डेन्मार्क त्याच वाटेने गेले. कॅनडाने १ डिसेंबर १९८९ नंतर बनणाऱ्या गाड्यांना दिवसाचे दिवे बंधनकारक केले. युरोपीय संघाने ७ फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना आणि पुढच्या वर्षी ट्रक-बसना वेगळी डीआरएल सक्तीची केली.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हेलसिंकी ६० अक्षांशावर आहे, आपण १९ आणि २० च्या मध्ये. तिकडे हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला घासून जातो आणि दुपारीसुद्धा संध्याकाळ वाटते. आपल्याकडे मे महिन्यात डांबरावर मृगजळ दिसतं. तिकडचा अनुभव इकडे किती लागू पडतो, हा या चर्चेतला अगदी मुळाचा प्रश्न आहे.

दिवा लावावा म्हणणारे

दिवा लावावा म्हणणाऱ्यांचा आधार साधा आहे : मोटारसायकल समोरून फार अरुंद दिसते. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. १९८१ मध्ये त्यांचा अहवाल आला. मोटारसायकल आणि दुसरं वाहन यांच्या धडकांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांत दुसऱ्या वाहनवाल्याने आडवं येऊन मोटारसायकलची वाट अडवली होती, आणि त्याचं ठरलेलं उत्तर होतं की गाडी दिसलीच नाही. फाट्यावर वळणारा ट्रकवाला किंवा बांधावरून रस्त्यावर चढणारा ट्रॅक्टरवाला याहून वेगळं काय सांगतो?

आपल्या दृष्टीने सगळ्यात जवळचा दाखला मलेशियाचा. तो विषुववृत्तालगतचा, कडक उन्हाचा आणि दुचाकींनी भरलेला देश. तिथे १९९२ मध्ये मोटारसायकलींना दिवसा दिवा लावण्याची मोहीम झाली आणि पाठोपाठ सक्ती आली. रादिन उमर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ‘न दिसल्यामुळे’ होणारे मोटारसायकलींचे अपघात सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. अक्षांशाचा आक्षेप घेणाऱ्यांना या आकड्याचा विचार करावाच लागतो.

मोटारींबद्दल नॉर्वेचे रूने एल्विक यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून १९९६ मध्ये निष्कर्ष मांडला : दिवसा दिवा लावणाऱ्या गाडीचे दुसऱ्या वाहनाशी किंवा पादचाऱ्याशी होणारे दिवसाचे अपघात सुमारे १० ते १५ टक्के कमी होतात. नेदरलँड्सच्या कूर्नस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी जोड दिली की हा फायदा अक्षांशाबरोबर वाढतो. म्हणजे उत्तरेकडे जास्त, विषुववृत्ताकडे कमी.

नको म्हणणारे

विरोधकांना अडाणी समजायचं कारण नाही. त्यांच्याकडेही पुरावे आहेत. ऑस्ट्रियाने १५ नोव्हेंबर २००५ पासून दिवसा दिवे सक्तीचे केले आणि १ जानेवारी २००८ पासून तो नियम मागे घेतला. चालकाचं लक्ष दिव्यांकडे ओढलं जातं आणि दिवा नसलेले पादचारी, मुलं, सायकलवाले नजरेतून सुटतात, हा तिथला आक्षेप. ऑस्ट्रेलियानेही मोटारसायकलींना दिवा कायम चालू ठेवणारी जोडणी १९९२ मध्ये सक्तीची करून काही वर्षांनी सोडून दिली. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाने २००८ मध्ये केलेल्या मोठ्या पाहणीत मोटारींवरच्या डीआरएलचा एकूण अपघातांवर ठळक परिणाम आढळला नाही. सगळ्या गाड्यांना त्या सक्तीच्या कराव्यात अशी जनरल मोटर्सची मागणी त्या खात्याने पुढच्या वर्षी फेटाळली.

दुचाकीस्वारांच्या संघटना आणखी एक मुद्दा मांडतात, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. मोटारींनीही दिवसा दिवे लावले तर दिवा असलेली दुचाकी उठून दिसणार कशी? सगळ्यांनी फेटा बांधला की नवरदेव ओळखू येत नाही, तशी ती गत.

प्रकाशशास्त्रातला एक नमुना तर चक्रावून टाकणारा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने ‘अव्हेंजर’ विमानांच्या पुढच्या बाजूला दिवे बसवून पाहिले. हेतू होता विमान *लपवण्याचा*. उजळ आकाशासमोर विमान काळा ठिपका म्हणून दिसतं. त्या ठिपक्यात आकाशाइतकाच उजेड भरला तर तो पुसला जातो. आधी सुमारे १९ किलोमीटरवरून दिसणारं विमान मग ३ किलोमीटरवर आल्याशिवाय दिसेना. चढावरून, मागे पांढरं आकाश घेऊन येणाऱ्या मोटारसायकलचं असंच होऊ शकतं, असं काही जण म्हणतात. पण दिव्याची तीव्रता पाठीमागच्या उजेडाशी तंतोतंत जुळली तरच हे घडतं, आणि रस्त्यावर पाठीमागचं दृश्य क्षणाक्षणाला बदलतं. त्यामुळे हा आक्षेप खरा असला तरी व्यवहारात त्याची जागा लहान आहे, असं माझं मत.

आपल्याकडचा नियम आणि त्यानंतर

आपल्या मोटार वाहन नियमांत दिव्यांचं जुनं कलम असं आहे : सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून आणि पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी दिवे लावले पाहिजेत. २०१७ चा बदल दुचाकींपुरता होता. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. के. एस. राधाकृष्णन समितीचा आग्रह त्यामागे होता. योगायोग असा की त्याच १ एप्रिलला प्रदूषणाच्या जुन्या निकषांच्या, म्हणजे बीएस-३ गाड्यांची विक्री सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली आणि बीएस-४ गाड्याच विकल्या जाऊ लागल्या. बिनबटणाच्या गाड्या म्हणूनच एकदम रस्त्यावर दिसल्या.

सुरुवातीची नाराजी ॲव्हरेजवरून होती. तिचा ढोबळ हिशोब मांडता येतो. साध्या मोटारसायकलचा बल्ब ३५ वॉटचा. वीज बनवताना निम्मी ऊर्जा वाया जाते आणि इंजिन पेट्रोलमधली साधारण चौथा हिस्सा ऊर्जाच कामाला लावतं, असं धरलं तर तासाभराच्या दिव्याला ३० मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. बाळापूरहून नांदेडला जाऊन येताना चहाच्या दोन कटिंगांपेक्षा कमी खर्च. एलईडी दिवा असेल तर त्याहूनही कमी. एवढ्यासाठी काही गॅरेजांत वायर तोडून बटण बसवून दिलं जात असे. ते करू नये. गाडीच्या मूळ रचनेत केलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आडवा येऊ शकतो, आणि उघड्या जोडावर पावसाचं पाणी गेलं तर शॉर्टसर्किटची भीती वेगळीच.

मग या नियमाने जीव वाचले का? देशातले आकडे पाहिले तर २०१६ मध्ये रस्त्यांवर १,५०,७८५ माणसं मेली, त्यांत दुचाकीस्वार ३४.८ टक्के. २०२२ मध्ये १,६८,४९१ मेली, त्यांत दुचाकीस्वार ४४.५ टक्के. हे आकडे दाखवून ‘दिव्याने काही झालं नाही’ असं म्हणणारे भेटतात. तो निष्कर्ष टिकत नाही. या सहा वर्षांत दुचाकींची संख्या वाढली, रस्ते रुंद झाले, वेग वाढला, करोनाच्या टाळेबंदीने मधली दोन वर्षं विस्कटली. २०१८ आणि २०१९ मध्ये एबीएस आणि सीबीएस ब्रेकही सक्तीचे झाले. जुन्या, बटणवाल्या गाड्याही धावतच होत्या. एवढ्या गोष्टींतून एकट्या दिव्याचा परिणाम निवडून काढायचा तर दिवसा, समोरासमोर किंवा फाट्यावर झालेल्या धडकाच वेगळ्या मोजायला हव्यात, आणि गाडी २०१७ च्या आधीची की नंतरची हेही नोंदवायला हवं. नुसत्या एकूण मृत्यूंच्या आकड्यावरून कुठल्याच बाजूला काही सिद्ध करता येत नाही.

खरा बिघाड : चारचाकीचा दिवा विझत नाही तेव्हा

आता गॅरेजकडे वळू. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण वाचणाऱ्याच्या पदरात थेट काही पडतं ते इथेच.

‘ऑटो’ दिव्याची यंत्रणा तीन भागांची. उजेड मोजणारा सेन्सर, तो काय म्हणतो ते ऐकून हुकूम देणारा संगणक (मिस्त्री त्याला ‘बीसीएम’ म्हणतात), आणि हुकूम पाळणारा रिले किंवा इलेक्ट्रॉनिक स्विच. सेन्सर दोन जागी सापडतो. काही गाड्यांत डॅशबोर्डवर, पुढच्या काचेच्या बुडाशी, काळ्या बटणासारखा घुमट असतो. काहींत तो आतल्या आरशाच्या मागे, पावसाच्या सेन्सरसोबत काचेला चिकटवलेला असतो.

संयुक्त राष्ट्रांच्या ज्या वाहन नियमावलीवर जगातल्या बऱ्याच गाड्या बेतलेल्या असतात, तिच्या ४८ व्या नियमात या यंत्रणेचं वेळापत्रक दिलं आहे. बाहेरचा उजेड १,००० लक्सच्या खाली गेला की दिवे २ सेकंदांत लागले पाहिजेत. ७,००० लक्सच्या वर गेला की विझले पाहिजेत, पण लगेच नाही : ५ सेकंदांनंतर आणि ३०० सेकंदांच्या आत. मधल्या पट्ट्यात काय करायचं ते कंपनीने ठरवायचं. ही ढील मुद्दाम ठेवलेली आहे, नाहीतर लिंबाच्या प्रत्येक सावलीत दिवा लागला-विझला असता. भर उन्हाचा उजेड सुमारे १ लाख लक्स असतो. श्रावणातलं काळंभोर आभाळ आलं की तो काही हजारांवर येतो. म्हणून पावसाळ्यात दुपारी दिवा जळत राहिला, किंवा पुलाखालून बाहेर आल्यावर चार मिनिटं जळला, तर त्याला बिघाड म्हणता येत नाही. काही गाड्यांत वायपर सुरू झाले की दिवेही लागतात. उघड्या मैदानात, निरभ्र दुपारी, पाच मिनिटं थांबूनही दिवा जळतच असेल तर मग शोध सुरू करावा.

पहिली झडती डॅशबोर्डची. आपल्याकडे डॅशबोर्ड म्हणजे अर्धं देवघर. मूर्ती, हार, केसाळ गालिचा, टोलच्या पावत्या, टोपी. यातलं काहीही घुमटावर आलं की गाडीला वाटतं रात्र झाली. पुढच्या काचेवर वरून लावलेली काळी पट्टी किंवा सनफिल्म हे दुसरं कारण. २७ एप्रिल २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने काळ्या फिल्मवर बंदी आली. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे, हा नियम आहे. तो पाळला तर सेन्सरचाही प्रश्न उरत नाही. आणि धूळ! हळद शिजवण्याच्या हंगामात आमच्याकडच्या काचांवर जो थर बसतो तो आतून-बाहेरून ओल्या फडक्याने पुसला तरी काही गाड्या सुधारतात.

दुसरी झडती सेन्सरची. भर उन्हात त्याच्यावर मोबाईलचा टॉर्च अगदी टेकवून धरावा. दिवा थोड्या वेळाने विझला तर सेन्सर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत उजेड पोचत नाही एवढंच. काहीच फरक पडला नाही तर वायर, जोड किंवा खुद्द सेन्सर संशयित. इथे एक गोष्ट फार थोड्या गाडीमालकांना ठाऊक असते. बऱ्याच गाड्यांत सेन्सरकडून निरोपच आला नाही तर संगणक दिवे *लावून* ठेवतो. रात्री अचानक अंधार होण्यापेक्षा दिवसा फुकट जळलेलं बरं, असा तो विचार. त्यामुळे ‘विझत नाही’ ही तक्रार कित्येकदा ‘वायर निघाली’ या साध्या गोष्टीची असते.

आमच्या घरातलं उदाहरण सांगतो. माझ्या मेहुण्याच्या गाडीची पुढची काच गिट्टी उडून फुटली. वर्कशॉपमध्ये नवी बसवली आणि तेव्हापासून दिवसा दिवे विझेनात. तिथे सांगितलं, संगणक गेला, बदलावा लागेल. आकडा ऐकून तो गप्प घरी आला. आठवडाभर तशीच चालवली. एक दिवस हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा सौदा व्हायला वेळ लागला, चावी अर्धवट फिरलेली राहिली आणि बॅटरी पार उतरली. ढकलून सुरू केली, तेव्हा तिथल्याच एका वायरमनने आरशामागचं झाकण काढून पाहिलं. सेन्सर आणि काच यांच्यामध्ये जेलीसारखी पारदर्शक गादी असते. काच बदलताना ती जुनीच वापरली होती. तिच्यात हवेचे बुडबुडे होते आणि सेन्सर तिरका बसला होता. नवी गादी बसवल्यावर दिवे शहाण्यासारखे वागू लागले. संगणकाला काही झालं नव्हतं. मेहुण्याने त्या वायरमनला मजुरी तर दिलीच, शिवाय घरची पाच किलो हळदही नेऊन दिली.

बॅटरी किती वेळात उतरते तेही इथेच सांगून टाकतो. ५५ वॉटचे दोन बल्ब आणि मागचे-पुढचे बारके दिवे मिळून १३५ वॉटच्या घरात जातात, म्हणजे १२ व्होल्टवर ११ अँपियर. लहान गाडीची ३५ अँपियर-तासांची चांगली बॅटरी कागदावर तीन तास टिकते. स्टार्टर मात्र त्याच्या बऱ्याच आधी मान टाकतो.

तिसरी झडती स्विच आणि रिलेची. दांडीवरचं बटण ‘ऑफ’ केल्यावरही दिवा जळत असेल तर सेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही. मग रिले उपसून बघावा. दिवा विझला तर त्याजागी त्याच नंबरचा दुसरा, बहुधा हॉर्नचा, रिले लावून पाहावा. नव्या रिलेने दिवा नीट वागला तर जुन्याचे पॉइंट चिकटले होते. जास्त वॉटचे बल्ब घालणाऱ्यांच्या गाड्यांत हे वारंवार होतं. तरीही जळत राहिला तर हुकूम मागून, म्हणजे स्विचकडून किंवा संगणकाकडून येतो आहे. अलीकडच्या काही गाड्यांत वेगळा रिलेच नसतो. तिथे स्कॅनर लावून ‘सेन्सर किती उजेड सांगतोय’ आणि ‘बटण कुठे आहे असं संगणकाला वाटतंय’ हे दोन आकडे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बाहेरून बसवलेल्या एलईडी बल्बचं एक वेगळं नाटक असतं. गाडी बल्ब शाबूत आहे का हे तपासायला मधूनमधून विजेचे बारीक ठोके सोडते. जुना बल्ब त्यांना दाद देत नाही. एलईडी तेवढ्याने मिणमिणते. मालकाला वाटतं दिवा बंद होत नाही.

दुरुस्तीच्या पद्धतीवरून मिस्त्रींत सरळ मतभेद आहेत. एक गट म्हणतो : ‘ऑटो’ सोडा, बटण हाताने लावा-विझवा, पूर्वी काय करत होतो? खर्च शून्य, पण संध्याकाळी विसरलं की धोका. दुसरा गट भाग बदलत जातो : आधी सेन्सर, मग स्विच, मग संगणक. वेळ वाचतो, पैसा जातो. तिसरा गट आधी मोजतो. मी तिसऱ्यांच्या बाजूचा आहे, पण त्यांच्या वाटेत खरी अडचण आहे. कंपनीचा स्कॅनर आणि वायरिंगचे नकाशे अधिकृत वर्कशॉपकडे असतात, आणि ते नांदेडला किंवा हिंगोलीला. बाळापूरच्या वायरमनकडे मीटर आहे, टेस्ट लॅम्प आहे, तीस वर्षांचा हात आहे. नकाशा नाही.

जे अजून सुटलेलं नाही

सेन्सर बंद पडला तर दिवे लावून ठेवावेत की मालकाला ठळक इशारा द्यावा, यावर एकमत नाही. आज दिवे जळतात, पण *का* जळतात हे बऱ्याच गाड्या सांगत नाहीत, आणि माणूस अंदाजाने खर्च करत राहतो.

डिप्परच्या जागी अप्पर अडकून पडलेल्या दुचाकी हा आणखी एक भाग. २०१७ च्या नियमाने दिवा लावला, तो कुठे पडतो हे पाहिलं नाही. मागे दोन पोती टाकली की पुढचं चाक हलकं होतं आणि डिप्परही समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

सगळ्यात काळजीची गोष्ट उलट्या टोकाची आहे. डीआरएल आणि उजळ मीटर पाहून चालकाला वाटतं दिवे लागलेत, आणि तो अंधारात मागचे लाल दिवे न लावता जातो. कॅनडाने हे ओळखून सप्टेंबर २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांना अट घातली : डीआरएलसोबत मागचे दिवेही लागावेत, किंवा अंधारात सगळे दिवे आपोआप लागावेत, किंवा मीटर काळोखात राहावं म्हणजे चालकालाच कळेल. आपल्याकडच्या बहुतेक नव्या दुचाकींत हेडलाईटबरोबर मागचा दिवाही जळतो. तेवढ्यापुरती दुचाकी चारचाकीच्या पुढे आहे.

आणि ज्यांना दिवाच नाही त्यांचं काय, हा ऑस्ट्रियातला आक्षेप इथे येऊन फार मोठा होतो. अकोल्याहून हिंगोली-नांदेडमार्गे तेलंगणात जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ बाळापुरातून जातो. कार्तिकात साडेपाचच्या सुमाराला, कयाधूकडून धुकट हवा वर येते तेव्हा, त्या रस्त्यावर समोरून येणारी प्रत्येक नवी गाडी लांबूनच चमकते. त्याच वेळी उसाची ट्रॉली पुढे संथ चाललेली असते. ऊस मागे लोंबत असतो आणि रिफ्लेक्टर असलाच तर वाढ्यांनी झाकलेला. ट्रॅक्टरचा पुढचा दिवा जळत असतो. मागून येणाऱ्याला फक्त समोरच्या चमकत्या गाड्या दिसतात.